नाव-पत्ता ही ठेव आहे
(प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आज मोबाइलबद्दल बोलायचं आहे. मोबाइल कसा वापरावा हे तुमची नातवंडं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं शिकवतील. मला सांगायचं आहे ते निराळं. आपण एखाद्या धर्मादाय संस्थेची वेबसाइट उघडतो, तेव्हा आपली बरीच माहिती त्या संस्थेच्या हाती जाते. नाव, फोन, पत्ता, आजार, अडचण. काही आपण स्वतः लिहून देतो. काही आपल्या नकळत जाते. पुढे त्या माहितीचं होतं काय? संस्थेने ती कशी सांभाळावी? आणि आपण काय विचारावं? हा आजचा विषय.

आधी एक सांगते. संस्थांबद्दल माझ्या मनात आदर आहे. तुमच्यापैकी कुणाला डायलिसिसला मदत मिळाली असेल, कुणाच्या मुलीला वह्या-पुस्तकं मिळाली असतील. माझं बोलणं ऐकून कुणी देणगी द्यायचं बंद करू नये. पण चांगलं काम करणाऱ्याकडेही हिशेब मागायचा असतो. पैशाचा हिशेब आपण मागतो. तसा माहितीचाही मागावा.

पूर्वी संस्थेकडे जायचं म्हणजे एस.टी. धरायची, कचेरी शोधायची, बाकावर बसायचं. दारावरचा माणूस विचारायचा, "कुठून आलात? काय काम काढलंत?" मग तो वहीत आपलं नाव लिहायचा. त्याचा हात आपल्याला दिसायचा. त्याने जास्त विचारलं तर आपण म्हणायचो, "बाबा, तुला कशाला सगळं? साहेबांनाच सांगेन."

वेबसाइट ही संस्थेची मोबाइलमधली कचेरी समजा. तिथेही वही असते. पण लिहिणारा हात दिसत नाही.

तुम्ही वेबसाइट उघडता तेव्हा तुमचा मोबाइल एका दूरच्या संगणकाला निरोप पाठवतो, "मला अमुक पान दाखव." पान परत पाठवायचं तर कुठे पाठवायचं हे त्या संगणकाला कळायला हवं. म्हणून निरोपाबरोबर एक आकडा जातो. त्याला आय.पी. पत्ता म्हणतात. हा काही तुमच्या घराचा पत्ता नव्हे. पण त्यावरून तुम्ही साधारण कोणत्या भागातून आणि कोणत्या कंपनीच्या जोडणीवरून आलात हे कळतं. कोणतं पान उघडलं, किती वाजता उघडलं, फोन कोणत्या जातीचा, हेही लिहिलं जातं. यात लबाडी नाही. वेबसाइट चालवायला आणि चोराचा माग काढायला ही नोंद लागते. प्रश्न असतो तो ही वही किती दिवस ठेवायची आणि कुणाला दाखवायची, एवढाच.

दुसरी गोष्ट कुकीची. खायच्या बिस्किटाला इंग्रजीत कुकी म्हणतात, पण ही कुकी म्हणजे एक लहानशी चिठ्ठी. वेबसाइट ती आपल्या मोबाइलमध्ये ठेवून देते. दवाखान्यात आपल्याला केसपेपरचा नंबर देतात. पुढच्या खेपेला तो दाखवला की आपला कागद निघतो. तसंच हे. १९९४ साली अमेरिकेतल्या नेटस्केप कंपनीत ही युक्ती निघाली. तुम्ही मराठी भाषा निवडली, ती पुढच्या वेळी लक्षात राहते ती या चिठ्ठीमुळे. अशा चिठ्ठीला कुणाचीच हरकत नसावी.

हरकत असावी ती परक्याच्या चिठ्ठीला. पुष्कळ संस्था आपल्या पानावर मोठ्या कंपन्यांची फुकटची साधनं बसवतात. एक साधन मोजतं की किती लोक आले. दुसरं जाहिरातीसाठी असतं. कुठे चित्रफीत असते, कुठे नकाशा असतो. ही साधनं फुकट मिळतात, आणि संस्थेकडे पैसे कमी असतात, म्हणून ती बसवली जातात. त्यात वाईट हेतू नसतो. पण त्या साधनामुळे त्या कंपनीलाही कळू शकतं की या मोबाइलवरून हे पान उघडलं गेलं. तीच कंपनी दुसऱ्या हजारो वेबसाइटवर बसलेली असते. सगळीकडच्या नोंदी एकत्र केल्या की माणसाचं चित्र उभं राहतं. क्षयाची माहिती देणारं पान कुणी सात वेळा उघडलं, दारू सोडवण्याचं पान कुणी रात्री दोन वाजता उघडलं, हे जाहिरातवाल्याला कशाला कळायला हवं?

मागच्या वर्गात एका मावशींनी मला विचारलं होतं, "माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय? मी कोण मोठी लागून गेले?" पुष्कळांना असंच वाटतं. म्हणून एक उदाहरण घेऊ.

समजा, एका घरात नवरा बायकोला मारतो. घरात मोबाइल एकच आहे. तो संध्याकाळी नवऱ्याच्या खिशात असतो. दुपारी कसाबसा तो हाती येतो तेव्हा ती बाई एका संस्थेची वेबसाइट उघडते. फॉर्म भरते. नाव, गाव, फोन, "तुमची अडचण थोडक्यात लिहा". ती लिहिते. आता पुढे पाहा. संस्थेने फॉर्म पोचल्याचा संदेश पाठवला, संस्थेच्या नावानिशी. तो संध्याकाळी सात वाजता नवऱ्याच्या हातातल्या फोनवर वाजला. काय होईल?

या ठिकाणी कुणी माहिती चोरली नाही. कुणी विकली नाही. संस्थेने फक्त विचार केला नाही. ज्या संस्थेने विचार केला आहे तिच्या फॉर्मवर असे प्रश्न असतात : "हा फोन तुमचा एकटीचा आहे का? या क्रमांकावर आम्ही फोन केला तर चालेल का? कोणत्या वेळी करू? दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगू?" अशा काही वेबसाइटवर "ताबडतोब बाहेर पडा" असं मोठं बटण असतं. ते दाबलं की पडद्यावर एकदम हवामानाचं किंवा बातम्यांचं पान येतं. बटणाच्या शेजारीच लिहिलेलं असतं की मोबाइलमध्ये पाहिलेल्या पानांची यादी उरते, ती अशी पुसा. कारण बटण दाबल्याने यादी पुसली जात नाही. हे न सांगता नुसतं बटण देणं मला धोक्याचं वाटतं. बाई निर्धास्त होते आणि सापडते.

तेव्हा मावशी, लपवण्यासारखं म्हणजे काही पापच असतं असं नाही. आपली अडचण कुणाला सांगायची हे आपण ठरवावं, एवढं पुरे आहे.

आता संस्थेचं कर्तव्य काय ते पाहू. आपल्या राज्यात सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा कायदा १९५० सालचा आहे. संस्था चालवणाऱ्यांना आपण विश्वस्त म्हणतो. शाळेसाठी आलेला पैसा विश्वस्ताने आपल्या घराच्या गच्चीला लावला तर आपण काय म्हणू? पैसा त्याच्या हातात असतो, पण त्याचा नसतो. माहितीलाही तोच न्याय लावावा. औषधासाठी दिलेला फोन नंबर औषधापुरताच.

आणि हा माझ्या मनचा न्याय नव्हे. आपल्या देशात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. डेटा म्हणजे माहिती. त्या कायद्याच्या इंग्रजी मजकुरात माहिती घेणाऱ्याला जो शब्द वापरला आहे, त्याचा अर्थ विश्वासाने सांभाळणारा असा आहे. विश्वस्तच की! आणखी एक गंमत सांगते. आपल्याकडच्या कायद्यांत माणसाचा उल्लेख आला की "तो" असं लिहायची रीत. या कायद्यात "ती" असं लिहिलं आहे, आणि त्या "ती"मध्ये सगळे आले असं म्हटलं आहे. पुरुषमंडळींनी रागावू नये. आम्ही इतकी वर्षं "तो"मध्ये बसलोच होतो.

या कायद्याच्या आधीची एक पायरी आहे. के. एस. पुट्टस्वामी नावाचे कर्नाटकातले निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी २०१२ साली आधारच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यातून मोठा प्रश्न उभा राहिला, की खाजगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे का? २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, आहे. तुम्ही लाखाची देणगी देणारे असा की धान्याची पिशवी मागायला आलेले असा, हक्क तोच.

मदत मागणाऱ्याच्या बाबतीत हे विसरायला होतं. "आम्ही फुकट देतो, मग विचारलं तर बिघडलं कुठे?" असा सूर काही ठिकाणी लागतो. जात विचारतात, घरातल्या सगळ्यांच्या आधारच्या प्रती मागतात, आणि त्या प्रती कार्यकर्त्याच्या मोबाइलमध्ये फोटो होऊन पडून राहतात. मोबाइल हरवला की सगळं गेलं. आधारची प्रत द्यावीच लागली तर जिच्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात अशी प्रत मिळते. ती चालेल का, असं जरूर विचारा.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? कामाला जेवढी माहिती लागते तेवढीच घ्यावी. त्यासाठी कायद्यातच एक उदाहरण दिलं आहे. एका बाईने फोनवरून डॉक्टरचा सल्ला देणारं ॲप घेतलं. ॲपने तिची संमती मागितली, आणि तिच्या फोनमधली सगळ्या ओळखीच्यांची यादीही मागितली. तिने दोन्हीला हो म्हटलं. तरीसुद्धा यादीपुरती तिची संमती धरली जाणार नाही. कारण डॉक्टरच्या सल्ल्याला तिच्या मामा-मावशीचे नंबर लागत नाहीत.

तुम्ही म्हणाल, हे आपल्या देशातलं झालं, आणि नवीन आहे. इतर देशांत संस्था काय करतात? तिथेही चुका झाल्या आहेत, आणि त्या लेखी नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून त्यांच्याकडून शिकायला सोपं जातं.

इंग्लंडात ब्रिस्टल नावाचं शहर आहे. तिथे एक म्हातारी बाई होती. युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ कागदाची लाल फुलं विकून ती वर्षानुवर्षं निधी गोळा करायची. मन मोठं. कुणी पत्र पाठवलं की थोडे पैसे पाठवायची. २०१५ साली ९२ व्या वर्षी ती वारली. पत्रांमुळे ती गेली नाही असं तिच्या घरच्यांनी स्पष्ट सांगितलं. पण तिच्या दारात पत्रांचा ढीग पडायचा हे लोकांना कळलं आणि चौकशी झाली. चौकशीत काय निघालं? ९९ संस्थांकडे तिचं नाव आणि पत्ता होता. तिने स्वतः इतक्यांना दिला नव्हता. बहुतेकांना तो दुसऱ्याकडून मिळाला होता. एकाने दुसऱ्याला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला. वर्षाला चारशेच्या वर पत्रं. सगळ्या संस्था भल्या कामाच्या. एखादीने एक पत्र पाठवलं तर त्यात काय वाईट? पण ९९ जणांनी एकाच दारावर थाप मारली की त्या दारातल्या माणसाचं काय होतं, ते कुणीच मोजलं नव्हतं.

त्याच देशात पुढे आणखी एक प्रकार उघड झाला. काही संस्था आपल्या देणगीदारांची नावं एका कंपनीला देत. ती कंपनी शोधून काढी की हा माणूस किती पैसेवाला आहे, मेल्यावर संस्थेला काही ठेवून जाईल का. देणगीदाराला याचा पत्ता नसे. तिथल्या माहिती आयुक्तांनी डिसेंबर २०१६ मध्ये दोन मोठ्या संस्थांना दंड केला. प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या आर.एस.पी.सी.ए.ला २५,००० पौंड आणि हृदयरोगासाठी काम करणाऱ्या ब्रिटिश हार्ट फाउंडेशनला १८,००० पौंड. एप्रिल २०१७ मध्ये आणखी ११ संस्थांना दंड झाला. काहींनी कुरकुर केली, की हा दंड शेवटी देणगीच्या पैशातूनच जाणार. ते खरंच आहे. पण मग चूकही देणगीदाराच्या विश्वासावरच झाली होती.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. मला ती जास्त जिव्हारी लागते. २०१३ साली तिथे 'क्रायसिस टेक्स्ट लाइन' नावाची संस्था सुरू झाली. ज्याला जगणं नकोसं झालं आहे त्याने मोबाइलवरून संदेश पाठवायचा. पलीकडे शिकवून तयार केलेला स्वयंसेवक असतो. तो उत्तर देतो, धीर देतो. काम किती मोलाचं आहे पाहा. पुढे २०१८ साली या संस्थेतून 'लोरिस' नावाची नफ्यासाठी चालणारी कंपनी निघाली. दुकानांच्या आणि कंपन्यांच्या गिऱ्हाइकांशी गोड कसं बोलावं याचं साधन ती बनवायची. आणि ते साधन घडवायला या दुःखी लोकांच्या संभाषणाची माहिती तिला दिली जाई.

संस्थेचं म्हणणं असं, की आम्ही नावं-गावं काढून टाकली होती. आणि लोकांनी संमतीही दिली होती. संमती कशी? पहिल्याच संदेशाबरोबर अटींचा दुवा जायचा. तो उघडून वाचायचा. लांबच लांब अटी. आता तुम्हीच सांगा, ज्याला आजची रात्र निघेल की नाही याची खात्री नाही, तो अटी वाचत बसेल? जानेवारी २०२२ मध्ये वर्तमानपत्राने ही गोष्ट छापली. गदारोळ झाला. चारच दिवसांत संस्थेने माहिती देणं थांबवलं.

हे सांगताना मी मुद्दाम संमतीपाशी थांबते. कागदावर अंगठा घेतला म्हणजे संमती झाली, असं सावकाराला वाटायचं. आपल्या आज्यांचे अंगठे कसे घेतले गेले ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून तर आपण अक्षर शिकतो. मोबाइलवरचं "मी सहमत आहे" हे बटण म्हणजेही अंगठाच. न वाचता दाबलं तर अंगठा, वाचून दाबलं तर सही.

पण वाचायला ते वाचता येण्यासारखं हवं ना! २०२३ च्या कायद्यात याची सोय आहे. संमती मागताना संस्थेने सोप्या शब्दांत सांगायचं : कोणती माहिती घेतो, कशासाठी घेतो, तुम्ही ती परत कशी घेऊ शकता, तक्रार कुठे करायची. आणि हे इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचायला मिळण्याची सोय हवी. मराठी त्यात आहे. तेव्हा पुढच्या वेळी कुणी इंग्रजीचा तक्ता पुढे केला तर लाजू नका. म्हणा, "मराठीत दाखवा."

दिलेली संमती परत घेता येते. देणं जितकं सोपं, परत घेणंही तितकंच सोपं असलं पाहिजे. एक बटण दाबून नाव दिलं असेल, तर नाव काढायला तीन अर्ज आणि दोन हेलपाटे चालणार नाहीत. तुमच्याबद्दल काय काय लिहून ठेवलं आहे आणि ते कुणाला दिलं आहे, हे विचारायचा हक्क आहे. चुकलं असेल तर दुरुस्त करून घ्यायचा हक्क आहे. आपण गेल्यावर हे हक्क कुणी बजवावेत, त्याचं नाव लिहून ठेवता येतं. बँकेत वारसाचं नाव लावतो तसं. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आईबापांची संमती लागते. ज्या संस्था मुलांसाठी काम करतात त्यांनी हे पाठ करून ठेवावं.

माहिती चोरीला गेली तर संस्थेने गप्प बसायचं नाही. ज्याची गेली त्याला कळवायचं, आणि सरकारने नेमलेल्या माहिती संरक्षण मंडळालाही कळवायचं. पुरेसं रक्षण केलं नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. लहान संस्थेला एवढा होईल असं नव्हे, ती वरची मर्यादा आहे. पण संस्था धर्मादाय आहे एवढ्यावरून ती या कायद्यातून सुटत नाही. एक मात्र लक्षात घ्या. हा कायदा संगणकातल्या माहितीला लागतो. नुसत्या कागदी वहीला लागत नाही. वहीतली नावं संगणकात चढवली की मग लागतो. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. त्यांत मुख्य जबाबदाऱ्या अमलात आणायला १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे.

चोरीवरून आठवलं. जगातल्या हजारो संस्था देणगीदारांच्या याद्या एका अमेरिकन कंपनीच्या संगणकात ठेवत. कंपनीचं नाव ब्लॅकबॉड. २०२० साली चोर आत शिरले. कंपनीने त्यांना खंडणी दिली आणि मग संस्थांना कळवलं. १३,००० च्या वर संस्थांना झळ लागली. पुढे सरकारी चौकशीत एक दोष असा काढला, की जे कधीच गिऱ्हाईक राहिले नव्हते त्यांचीही माहिती कंपनीने वर्षानुवर्षं साठवून ठेवली होती. २०२३ साली अमेरिकेतल्या राज्यांशी तडजोड करताना तिने ४ कोटी ९५ लाख डॉलर मोजले. जुनी माहिती वेळेवर पुसली असती तर चोराच्या हाती तेवढं कमी लागलं असतं. आपण घरात जुनी औषधं मुदत संपली की टाकून देतो. संस्थेने माहितीलाही मुदत घालावी : हा फॉर्म काम संपल्यावर इतक्या महिन्यांनी पुसू.

मग सगळंच पुसावं का? नाही. देणगीची पावती घेऊन आयकरात सवलत हवी असेल, तर तुमचं नाव, पत्ता आणि ओळख क्रमांक, बहुधा पॅन, संस्थेला घ्यावाच लागतो. २०२१-२२ या वर्षापासून अशा देणगीदारांची यादी संस्थांना आयकर खात्याला द्यावी लागली आहे. ती नोंद हिशेबासाठी राहणार. सवलत नको असेल तर पॅन कशाला हवा, असं विचारायला हरकत नाही.

इथे एक आबा विचारतात, की देवळाच्या भिंतीवर देणगीदारांची नावं रंगवतातच की! रंगवतात. ज्याला आवडतं त्याचं रंगवावं. पण आबा, त्याच भिंतीवर तुम्ही "गुप्तदान, रुपये १०१" असंही वाचलं असेल. "एका सद्गृहस्थाकडून" असंही. आपल्या लोकांना ही रीत चांगली ठाऊक होती. देणाऱ्याने सांगितलं, नाव नको, की पुजाऱ्याने विचारायचं नाही. हिशेबाच्या वहीत नाव असू शकतं. भिंतीवर येण्यासाठी वेगळं विचारावं लागतं. आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पॅनसकट पावत्या टाकणं तर कुठल्याच रीतीत बसत नाही.

अजून एक सावधगिरी. वेबसाइटच्या पत्त्याच्या सुरुवातीला 'एच.टी.टी.पी.एस.' अशी अक्षरं असतात. काही मोबाइलवर कुलपाचं चित्रही असतं. त्याचा अर्थ, तुमचं पत्र पोस्टकार्डावर न जाता बंद पाकिटात जातं आहे. वाटेत कुणी वाचणार नाही. पण पाकीट ज्याच्या हाती पडेल तो सज्जन आहे की ठक, हे कुलूप सांगत नाही. मार्च २०२० मध्ये करोनाच्या वेळी पीएम केअर्स निधी निघाला. लगेच त्याच्या नावाशी मिळतेजुळते खोटे यूपीआय पत्तेही निघाले. तेव्हा पूर आला, भूकंप झाला, आणि कुणी दुवा पाठवला, तर त्यावर बोट ठेवायच्या आधी संस्थेला फोन करा. खरी संस्था आपला पत्ता, नोंदणी क्रमांक आणि फोन लपवत नाही. ओटीपी तर कुणालाच सांगू नका. देणगी घ्यायला तुमचा ओटीपी तोंडी विचारावा लागत नाही.

आता वह्या काढा. फळ्यावर एक अर्ज लिहिते. तो उतरवून घ्या. ज्या संस्थेने तुमचं नाव घेतलं आहे आणि आता ते ठेवायचं कारण उरलं नाही, तिला हा पाठवा. पत्राने पाठवा किंवा मोबाइलवरून, दोन्ही चालेल. उत्तर आलं नाही तर संस्थेने तक्रारीसाठी ज्याचं नाव दिलं असेल त्याला लिहायचं. मंडळाकडे जायचं ते त्यानंतर.

प्रति,
व्यवस्थापक,
(संस्थेचे नाव व पत्ता)

विषय : माझी माहिती कळवण्याबाबत व काढून टाकण्याबाबत.

महोदय / महोदया,
मी (महिना व वर्ष) मध्ये आपल्या वेबसाइटवर फॉर्म भरला होता. त्यात माझे नाव, फोन क्रमांक व पत्ता दिला होता. ज्या कामासाठी दिला ते काम झाले आहे. माझ्याबद्दल आपल्याकडे कोणती माहिती आहे व ती कुणाला दिली आहे, ते मला मराठीत कळवावे. कायद्याने ठेवावी लागणारी देणगीची नोंद सोडून बाकीची माहिती काढून टाकावी. यापुढे या क्रमांकावर संदेश पाठवू नये.
आपली / आपला,
(सही)
तारीख :

सही स्वतःच्या हाताने करा. खाली पॅन किंवा आधारचा क्रमांक लिहू नका, त्याची इथे गरज नाही. अर्जाची एक नक्कल आपल्याजवळ ठेवा, आणि पाठवल्याची तारीख तिच्यावर टाका.